एन-९५ संपले तर जुगाड मास्क घालायचा का, आणि घालायचाच असेल तर आधी काय तपासायचं

वार्डात काम करणाऱ्या सगळ्यांसाठी लिहून राहिली आहे, सिस्टर, ब्रदर, रेसिडेंट, टेक्निशियन आणि हो, मावशी आणि मामा तुमच्यासाठीही, कारण थुंकीचे डबे तुम्हीच उचलता आणि मास्क वाटताना सगळ्यात शेवटी नंबर तुमचाच लागतो. मी नागपुरात इन्फेक्शन कंट्रोलचं काम पाहते. मास्कचा स्टॉक संपला की कुणीतरी व्हॉट्सअॅपवर घरगुती रेस्पिरेटरचा (म्हणजे एन-९५ सारखा चेहऱ्याला घट्ट बसून हवा गाळणारा मास्क) व्हिडिओ टाकतं आणि दुसऱ्या दिवशी तो कुणाच्या तरी तोंडावर दिसतो. २०२० मध्ये हे जगभर झालं, इटलीत तर पाण्यात पोहताना घालायच्या स्नॉर्कलिंगच्या मास्कला थ्रीडी प्रिंटेड व्हॉल्व लावून पेशंटला सीपॅप, म्हणजे दाबाने हवा-ऑक्सिजन, दिला गेला आणि मग तोच मास्क फिल्टर जोडून स्टाफनेही घालायला सुरुवात केली. कोविड ओसरला, पण टीबी कुठे गेला? जगातले साधारण पाव टीबी पेशंट भारतात आहेत आणि टीबी हवेतूनच पसरतो, त्यामुळे हा विषय आजही तितकाच महत्त्वाचा आहे.

माझं म्हणणं एकच आहे. न तपासलेला जुगाड मास्क घालून माणूस निर्धास्त होतो आणि पेशंटच्या जास्त जवळ जातो, जास्त वेळ थांबतो, आणि धोका तिथे वाढतो. तपासता येत असेल तर घाला, नसेल तर घालू नका, त्यापेक्षा खिडकी उघडा, पेशंटला सर्जिकल मास्क लावा आणि जवळ थांबायचा वेळ कमी करा.

जुगाडाच्या आधी हे करा

पहिले पाहा की एन-९५ खरंच संपलेत का चुकीच्या जागी चाललेत. ऑफिसात, रजिस्ट्रेशनला, स्टोअरमध्ये बसलेल्याने एन-९५ घालायचा आणि सक्शन करणाऱ्या (पेशंटचा कफ ओढून काढणाऱ्या) सिस्टरने सर्जिकल, असं होत असेल तर आधी ते बदला. इंट्युबेशन (श्वासनलिकेत नळी घालणं), सक्शन, ब्रॉन्कोस्कोपी (दुर्बिणीने श्वासनलिका पाहणं), थुंकीचा सॅम्पल काढणं, एमडीआर (नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या) टीबीचा वार्ड, इथे जाणाऱ्यांचा पहिला हक्क. इथे जुगाड मास्क चालतच नाही, कितीही चांगला बनवला असला तरी.

दुसरं, रबर किंवा सिलिकॉनचा हाफ-फेस मास्क येतो, बाजूला दोन फिल्टर लावतात तो, पेंटर आणि कारखान्यातले लोक घालतात. हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीला सेफ्टीचा माल देणारे दुकानदार तो ठेवतात. तो सर्टिफाइड रेस्पिरेटर आहे, धुता येतो, पुसता येतो, एकाच माणसाला महिनोन् महिने पुरतो, आणि माझ्या मते टंचाईत सगळ्यात शहाणपणाची खरेदी हीच. फक्त फिल्टर नीट पाहून घ्या. पी-१०० किंवा पी-३ असं लिहिलेलं पाहिजे, हे बारीक कण गाळायचे दर्जे आहेत. नुसता पेंटच्या वासासाठीचा कार्ट्रिज असेल, ज्यात कोळसा असतो, तर तो वास अडवतो, जंतू नाही. आणि या मास्कचा श्वास सोडायचा व्हॉल्व उघडा असतो म्हणजे तुमचा श्वास न गाळता बाहेर जातो, म्हणून व्हॉल्ववर सर्जिकल मास्क लावा आणि ऑपरेशनच्या टेबलावर हा वापरू नका. व्हॉल्ववाल्या एन-९५ बद्दल केंद्राच्या आरोग्य खात्याने जुलै २०२० मध्ये राज्यांना पत्र लिहून सावध केलं होतं ते याच कारणाने.

तिसरं, वापरलेला एन-९५ परत वापरणं. टंचाईच्या काळात अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने सांगितलेली पद्धत सोपी होती, प्रत्येकाला काही मास्क द्यायचे, वापरलेला मास्क नाव-तारीख टाकून कागदी पिशवीत किमान पाच दिवस ठेवायचा आणि रोज वेगळा घालायचा, एक मास्क पाचपेक्षा जास्त वेळा चढवायचा नाही. प्लास्टिकची पिशवी नको, त्यात ओल राहते. आणि कृपा करून धुवू नका, स्पिरिट मारू नका, सॅनिटायझर फवारू नका. एन-९५ च्या आतल्या थरावर इलेक्ट्रोस्टॅटिक चार्ज असतो, बारीक कण पकडायचं बरंचसं काम तो करतो, आणि अल्कोहोल किंवा साबण लागला की चार्ज जातो. मास्क दिसायला अगदी स्वच्छ आणि नवा, पण गाळणं संपलेलं. इस्त्री, मायक्रोवेव्ह, ईटीओ (एथिलीन ऑक्साइड गॅसने निर्जंतुक करणं) हेही नाही, ईटीओचा गॅस मटेरियलमध्ये राहतो आणि तो कॅन्सरकारक आहे, तुम्ही तो आठ तास नाकाला लावून बसणार. नागपूरच्या उन्हात सगळं वाळवायची सवय आहे आपल्याला, पण गच्चीवरच्या उन्हाने किती जंतू मेले हे मोजता येत नाही आणि इलॅस्टिक मात्र ढिलं पडतं.

बाजारातला माल घेताना अजून एक. कानात अडकवायच्या दोरीचा आणि वर एनआयओएसएच या मास्क मंजूर करणाऱ्या अमेरिकन संस्थेचा शिक्का असलेला एन-९५ दिसला तर तो बहुतेक नकलीच, कारण त्यांच्या मंजूर मास्कला डोक्यामागून जाणारे दोन पट्टे असतात आणि टीसी-८४ए ने सुरू होणारा नंबर असतो. भारतीय माल असेल तर आयएस ९४७३ (अशा मास्कचा भारतीय मानक क्रमांक) आणि आयएसआय मार्कच्या खालचा सीएम/एल नंबर पाहा, तो बीआयएस केअर अॅपमध्ये टाकला की लायसन्स खरं का खोटं दोन मिनिटात कळतं. गांधीबागेतून होलसेल उचलताना दुकानात उभ्या उभ्याच हे करा, पेटी घरी आणल्यावर नाही.

कापडाबद्दल स्पष्ट

उन्हाळ्यात आपण स्कार्फ, दुपट्टा तोंडाला गुंडाळतो, गाडीवर ते ठीक आहे, वार्डात नाही. २०१५ मध्ये व्हिएतनामच्या हॉस्पिटलांमधली एक ट्रायल छापून आली होती, त्यात कापडी मास्क घालणाऱ्या स्टाफला मेडिकल मास्कवाल्यांपेक्षा जास्त इन्फेक्शन झालं, आणि लॅबमध्ये त्या कापडातून जवळपास ९७ टक्के कण आरपार गेले. मेडिकल मास्कमधूनही ४४ टक्के गेले, तेही लक्षात ठेवा.

सर्जिकल मास्कशिवाय काहीच नसेल तर तो चेहऱ्याला घट्ट बसवा. कानाच्या दोरीला मास्कच्या कडेजवळ गाठ मारा आणि बाजूला जी घडी उघडी पडते ती आत खोचा, नाहीतर वरून रबरबँडचा ब्रेस लावा म्हणजे नाक, गाल, हनुवटी सगळीकडे कडा दाबली जाते. याने गळती खूप कमी होते. पण तो रेस्पिरेटर होत नाही, टीबी वार्डात त्याच्यावर विसंबू नका.

व्हॅक्यूम क्लीनरची बॅग किंवा एअर प्युरिफायरचा हेपा (अगदी बारीक कण गाळणारा) फिल्टर कापून मास्क शिवायचे व्हिडिओ आहेत. त्यातल्या काही फिल्टरमध्ये काचेचे तंतू असतात, कापले की सुटतात आणि सरळ फुप्फुसात जातात. आतलं मटेरियल काय आहे हे कंपनीकडून लेखी मिळत नसेल तर कात्री लावू नका.

स्नॉर्कल मास्क आणि व्हेंटिलेटरचा फिल्टर

हा जुगाड सगळ्यात जास्त चालतो, कारण दिसायला भारी आहे, पूर्ण चेहरा झाकतो आणि फिल्टर आयसीयूत पडलेलेच असतात. म्हणून यावर जरा जास्त बोलते.

पहिले फिल्टर हातात घेऊन वाचा. नुसतं एचएमई लिहिलं असेल तर ते फक्त ओलावा आणि उष्णता धरून ठेवतं, जंतू गाळायची खात्री नाही. एचएमईएफ किंवा बॅक्टेरियल-व्हायरल फिल्टर असं पाहिजे. पाकिटावर बीएफई (बॅक्टेरिया गाळायचं प्रमाण) ९९.९९ टक्के वाचून हुरळून जाऊ नका, ती टेस्ट साधारण ३ मायक्रॉनच्या थेंबांवर होते, एन-९५ ची टेस्ट ०.३ मायक्रॉनच्या आसपासच्या कणांवर होते, जे गाळायला सगळ्यात अवघड असतात. आणि हवेचा वेगही वेगळा. व्हेंटिलेटरचे हे फिल्टर मिनिटाला ३० लिटरवर तपासतात, एन-९५ मिनिटाला ८५ लिटरवर. बेडवर झोपलेल्या पेशंटला ३० पुरतं. तुम्ही सीपीआर देताय, ट्रॉली ढकलताय, जिना चढताय, तेव्हा श्वास आत ओढतानाचा वेग ९० च्या वर सहज जातो. वेग वाढला की गाळणं कमी होतं आणि श्वास ओढायला जोर लागतो. उपाय असा की एकाऐवजी दोन फिल्टर समांतर लावायचे, दोन्हीतून अर्धी अर्धी हवा जाते. एकामागे एक लावले तर उलट त्रास वाढतो, तसं करू नका.

मग कार्बन डायऑक्साइड. स्नॉर्कल मास्कमध्ये मुळात आत येणाऱ्या हवेचा रस्ता वेगळा आणि बाहेर जाणाऱ्या हवेचा वेगळा असतो, वर नळीतसुद्धा ते वेगळेच चालतात. अॅडॉप्टर (मास्क आणि फिल्टर जोडणारा भाग) बनवणाऱ्याने दोन्ही एकाच नळीत आणून एकच फिल्टर लावला तर सोडलेली हवा तिथेच अडकते आणि पुढच्या श्वासाला तीच परत आत येते. हिशोब करून पाहा, साधा श्वास अंदाजे ५०० मिलीचा, त्यातले १५० मिली आपल्याच श्वासनलिकेत वाया जातात, मास्क आणि फिल्टरने अजून १५० खाल्ले तर ताज्या हवेसाठी उरले २००. मग माणूस नकळत खोल आणि जोरात श्वास घेतो, डोकं दुखतं, गुंगल्यासारखं होतं, औषधाचा डोस काढताना चूक होते.

इथे बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावून ९८ आलं म्हणून सगळं ठीक आहे असं समजणारे खूप आहेत. ऑक्सिमीटर कार्बन डायऑक्साइड दाखवत नाही. त्यासाठी ओटीतल्या अॅनेस्थेशियावाल्या मॅडमना किंवा सरांना विनंती करा, त्यांच्याकडे साइडस्ट्रीम कॅप्नोग्राफ, म्हणजे श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र, असतो. त्याची बारीक सॅम्पलिंग नळी मास्कच्या आत ओठाजवळ येईल अशी बसवा, कडेतून गळती होणार नाही हे पाहा, दहा-पंधरा मिनिटं बसून आणि मग जागच्या जागी चालून रीडिंग घ्या. श्वास आत घेताना ग्राफ शून्याजवळ आला पाहिजे. युरोपियन स्टँडर्डमध्ये आत येणाऱ्या हवेत १ टक्क्यापर्यंत चालतो, म्हणजे नागपूरच्या हवेच्या दाबावर साधारण ७ मिमी पारा. ही टेस्ट लॅबइतकी काटेकोर नाही, पण आकडा त्याच्या वर राहून राहिला असेल तर तो मास्क तिथेच बाद, चर्चा नको.

थ्रीडी प्रिंटेड अॅडॉप्टर असेल तर कशाचा आहे ते विचारा. बहुतेक पीएलए नावाच्या प्लास्टिकचा असतो, तो ६० डिग्रीच्या आसपास मऊ पडतो. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत तो भाग ठेवला की वाकडा व्हायला वेळ लागत नाही, आणि एक केसाएवढी फट पडली की पूर्ण फिल्टर फुकट गेला. वाफेने निर्जंतुक करायच्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ डिग्रीला तर त्याचा गोळाच होईल. शिवाय प्रिंटिंगच्या थरांमध्ये बारीक भोकं राहतात. अॅडॉप्टर मास्कला लावून एक बाजू बंद करा, पाण्यात बुडवा आणि दुसरीकडून फुंका, बुडबुडे आले तर परत करा. ही तपासणी प्रत्येक नगाची करायची, लॉटमधला एक पाहून भागत नाही.

आणि घालून काम करून पाहा, स्टाफरूममध्ये, पेशंटजवळ नाही. काच धुकट होते का, खाली पेशंटच्या हाताची शीर दिसते का, स्टेथो कानात जातो का, समोरच्याला डोस नीट ऐकू येतो का, आणि एका हाताने तीन-चार सेकंदात उतरतो का. उलटी झाली किंवा फिल्टर चोंदला तर तो लगेच काढता आला पाहिजे, टेपने चिकटवलेला मास्क म्हणूनच मला मान्य नाही.

पंखा लावून हवा ढकलणारा हुड, पीएपीआर नावाच्या तयार यंत्रासारखा, तो घरी बनवू नका असं माझं मत आहे. ढिल्या हुडला मिनिटाला किमान १७० लिटर आणि घट्ट मास्कला ११५ लिटर हवा लागते, तेही फिल्टर लावल्यावर आणि बॅटरी उतरत आली तरी. कॉम्प्युटरचा पंखा फिल्टरसमोर दमतो. फिल्टर आणि पंखा यांच्यामधल्या जोडात फट असेल तर तिथून न गाळलेली हवा आत खेचली जाते आणि बाहेरून काहीच कळत नाही. वरून कंबरेला लिथियमची लोकल बॅटरी आणि बाजूला ऑक्सिजन चालू, हे मला नकोच वाटतं.

फिट टेस्ट, हिच्याशिवाय काहीच नाही

फिल्टर कितीही भारी असो, हवा नेहमी सोपा रस्ता धरते, गालाजवळ फट असेल तर ती तिथूनच येणार. रोजची तपासणी अशी: फिल्टरची तोंडं तळहाताने बंद करा, हळू श्वास आत ओढा आणि दहा सेकंद धरा. मास्क चेहऱ्याला चिकटून तसाच राहिला पाहिजे. सुटला किंवा नाकाजवळ थंड हवा लागली तर पट्टे नीट करा, परत पाहा. दाढी असेल तर, दोन दिवसांची खुंटं असली तरी, सील बसत नाही. केस, टोपीची कड, बिंदी, नाकातली मोठी नथनी कडेखाली येत नाही ना तेही पाहा.

पण ही रोजची तपासणी म्हणजे फिट टेस्ट नाही. खरी टेस्ट सॅकरीन किंवा बिट्रेक्सच्या किटने होते. डोक्यावर हुड, समोर भोक, त्यातून दाबाच्या नेब्युलायझरने गोड किंवा कडू फवारा. आधी पंधरा मिनिटं काही खायचं-प्यायचं नाही, खर्रा आणि सुपारीसुद्धा नाही, हे आपल्याकडे मुद्दाम सांगावं लागतं. पहिले मास्क न घालता पातळ द्रावणाचे १० फवारे मारून चव येते का पाहतात, नाही आली तर २०, मग ३०. ३० ला पण चव येत नसेल तर त्या माणसाला दुसरं द्रावण लागेल, तो पास झाला असं लिहू नका. मग तोंड धुवून, मास्क घालून घट्ट द्रावण तेवढ्याच फवाऱ्यांनी, आणि दर ३० सेकंदाला त्याच्या निम्मे परत. तोंडाने श्वास घेत एकेक मिनिट साधा श्वास, खोल श्वास, डोकं डावी-उजवीकडे, वर-खाली, मोठ्याने बोलणं, कंबरेत वाकणं, परत साधा श्वास. मधे कधीही चव आली की फेल. सॅकरीन ऐवजी किराणातली शुगर-फ्री गोळी विरघळवू नका, त्यात बहुतेक वेळा दुसरंच स्वीटनर असतं. पेशंटचा नेब्युलायझरही नको. एक किट दोन-तीन छोट्या हॉस्पिटलांनी मिळून घेतलं तरी भागतं.

प्रत्येक माणसाची टेस्ट वेगळी. बारीक चेहऱ्याच्या सिस्टर आणि मावशी एकाच साइजच्या मास्कमध्ये नेहमी फेल होताना दिसतात, कारण मास्क मोठ्या चेहऱ्याच्या मापाने आलेला असतो. त्यांना पट्टे आवळून घ्या असं सांगून पाठवू नका, लहान साइज मागवा, तोपर्यंत त्यांची ड्यूटी बदला. आणि स्नॉर्कल मास्क चवीच्या टेस्टमध्ये पास झाला तरी त्याला फुल-फेस रेस्पिरेटरएवढं संरक्षण धरू नका, ही टेस्ट त्याहून जास्त सिद्ध करूच शकत नाही, साध्या एन-९५ एवढंच धरा आणि तेही पूर्ण भरवशाने नाही.

आपला उन्हाळा

४५ डिग्रीत मास्कमध्ये घाम जमतो, कड घसरते, फिल्टर ओला होतो आणि ओल्या फिल्टरमधून श्वास ओढणं जड जातं. म्हणून मार्च ते जूनमध्ये जुगाड मास्कची पाळी एका तासाच्या वर ठेवू नका, मग बाहेर येऊन पाणी प्या. जोडीने काम करा, एकमेकांकडे लक्ष ठेवा, बोलणं अडखळतंय किंवा डोकं धरून राहिला असेल तर त्याला लगेच बाहेर आणा.

कूलरबद्दल मात्र चांगली गोष्ट आहे. खिडकीत बाहेरून बसवलेला डेझर्ट कूलर बाहेरची ताजी हवा आत ढकलतो, तर स्प्लिट एसी तीच हवा गोल गोल फिरवतो. डब्ल्यूएचओने नैसर्गिक व्हेंटिलेशनच्या वार्डात हवेतून पसरणाऱ्या आजारासाठी दर पेशंटमागे सेकंदाला १६० लिटर हवा सांगितली आहे. समोरच्या खिडक्या बंद असतील तर कूलरची हवा जाणार कुठे? त्या उघडा, आणि उभं राहायची जागा अशी निवडा की कूलरची हवा आधी तुमच्याकडे, मग पेशंटकडे, मग बाहेर. उदबत्ती पेटवून धूर कुठे जातो ते पाहिलं की दिशा कळते, फक्त ऑक्सिजन चालू असलेल्या वार्डात उदबत्ती अजिबात नाही, तिथे टिश्यूची पट्टी लटकवून पाहा.

कागदावर आणा

जुगाड मास्क कुणी एकट्याने ठरवून घालायचा नाही. इन्फेक्शन कंट्रोल कमिटीची लेखी मंजुरी, कोणता मास्क, कोणता फिल्टर, कोणाची फिट टेस्ट कधी झाली, कॅप्नोग्राफचा आकडा किती, कुणाला डोकेदुखी झाली, सगळं एका रजिस्टरमध्ये. रेसिडेंट किंवा सिस्टरने घालायला नकार दिला तर तिच्यावर दबाव टाकायचा नाही, हे सुद्धा त्याच मंजुरीत लिहून घ्या, मेट्रनची आणि सुपरिटेंडंट सरांची सही घ्या.

काढताना ग्लोव्ह काढून हात धुवा, मग पट्टे मागून धरून मास्क पुढे काढा, फिल्टरच्या तोंडाला हात लावू नका, परत हात धुवा. फिल्टर पाळी संपली की पिवळ्या पिशवीत. मास्कची बॉडी साबणाच्या पाण्याने धुवून, कंपनीने चालेल म्हटलेल्या डिसइन्फेक्टंटमध्ये ठेवून, परत साध्या पाण्याने खळखळून घ्या, क्लोरीनचा वास राहिला तर तो पुढच्या पाळीवाल्याच्या छातीत जाईल. आणि एन-९५ चा नवीन लॉट आला, तपासून पास झाला की त्याच दिवशी जुगाड मास्क वार्डातून उचलून स्टोअरला जमा करा, ड्रॉवरमध्ये एकही ठेवू नका, नाहीतर रात्रपाळीला कुणीतरी घाईत तोच उचलेल.